आरक्षणावर चालणारी संगणक प्रयोगशाळा आणि व्हर्च्युअल मशीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुंबईतील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हर्च्युअल मशीन (प्रत्यक्ष सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) वापरणारे विद्यार्थी, प्रॅक्टिकल घेणारे शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक यांच्यासाठी आहेत. हिशेब समजावताना घेतलेले आकडे उदाहरणादाखल आहेत; पद्धत मात्र तीच वापरली जाते.

आरक्षण केल्यावर माझ्यासाठी नेमके काय राखून ठेवले जाते?

ठरावीक वेळेपुरती ठरावीक रॅम, काही कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि नेटवर्कवरचा एक आयपी पत्ता, एवढेच. दुपारी दोनचे आरक्षण तुम्ही सकाळी केलेत, तरी सकाळी ते मशीन अस्तित्वातच नसते. वेळ जवळ आली की यंत्रणा पुरेशी रॅम मोकळी असलेला होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, शोधते, तुम्ही निवडलेल्या इमेजवरून (ऑपरेटिंग सिस्टीम आणि सॉफ्टवेअर घातलेल्या तयार डिस्कवरून) मशीन उभे करते, त्याला पत्ता देते आणि त्या सत्रापुरता पासवर्ड तयार करून तुमच्या पानावर दाखवते. वेळ संपली की मशीन पुसले जाते. त्यामुळे आजचे आणि उद्याचे मशीन वेगवेगळ्या होस्टवरचे असू शकते, आणि डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल दुसऱ्या दिवशी तिथे न दिसणे हा बिघाड नाही.

ही पद्धत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्हर्च्युअल कम्प्युटिंग लॅबने शैक्षणिक वापरासाठी २००४ पासून विकसित केली. पुढे तिचे सॉफ्टवेअर अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे खुल्या स्वरूपात आले.

प्रत्येकाला कायमचे एक मशीन देऊन टाकले, तर आरक्षणाची कटकटच राहणार नाही. तसे का करत नाही?

कारण मशीन वापरात नसले तरी सुरू असेपर्यंत त्याची रॅम अडलेली असते. आठवड्याला चार तासांच्या प्रॅक्टिकलसाठी १६८ तास रॅम अडवून ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला परवडणारे नाही. संगणकाचा वेळ वाटून घेणे या शहराला नवीनही नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा इतर संस्थांचे संशोधकही त्यावर आपली गणिते चालवून घेत. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचे स्वतंत्र मशीन असल्याचा आभास देणारी आयबीएमची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. आपण आज करतो ते या दोन कल्पनांचे एकत्र रूप आहे.

एका सर्व्हरवर किती मशीन बसतात?

समजा, एका होस्टमध्ये ३२ कोअर आणि २५६ जीबी रॅम आहे. होस्टची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, डिस्कचा कॅश आणि देखरेखीची साधने यांसाठी २४ जीबी बाजूला काढली, की २३२ जीबी उरते. नेहमीच्या प्रॅक्टिकलचे मशीन ४ जीबीचे असते, परंतु त्याला चालवणारी प्रक्रिया स्वतःसाठीही थोडी रॅम घेते. म्हणून हिशेबात एका मशीनला सव्वाचार जीबी धरली जाते. या हिशेबाने ५४ मशीन बसतात. प्रत्येकी दोन कोअर दिले, तर कागदावर १०८ कोअर वाटले जातात आणि प्रत्यक्षात असतात ३२. हे प्रमाण एकास साडेतीनच्या आत आहे आणि प्रॅक्टिकलच्या कामासाठी ते चालते.

मात्र ५४ बसतात म्हणून ५४ देत नाही. एखादा होस्ट अचानक बंद पडला तर त्यावरील मशीन दुसरीकडे उभी करता यावीत, इतकी रॅम उरलेल्या होस्टवर मिळून मोकळी ठेवावी लागते. आरक्षणाच्या पानावर ‘जागा नाही’ असे दिसते, तेव्हाही ही राखीव रॅम शिल्लक असते, आणि ती कोणाच्याही विनंतीवरून दिली जात नाही.

कोअर तिप्पट वाटता, मग रॅमही तशीच का वाटत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो योग्यच आहे.

कोअर हा वेळेत वाटला जातो. विद्यार्थी कोड वाचत असतो, टाईप करत असतो, शेजाऱ्याला काही विचारत असतो. या सगळ्या वेळात त्याचे मशीन प्रोसेसरला जवळजवळ काहीच काम देत नाही. तेवढ्या काही मिलिसेकंदांत होस्ट दुसऱ्याचे काम उरकतो. सगळ्यांनी एकदम प्रोग्रॅम कम्पाईल करायला घेतला, तर सगळ्यांनाच थोडा उशीर लागतो, पण कोणाचे काम वाया जात नाही.

रॅमचे तसे नसते. एकदा रॅममध्ये काही लिहिले, की ते तिथेच राहते, विद्यार्थी चहाला गेला तरीही. हायपरव्हायझरकडे, म्हणजे होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, काही युक्त्या आहेत. ‘बलून’ नावाचा ड्रायव्हर मशीनच्या आतून न वापरलेली रॅम होस्टला परत मिळवून देतो. लिनक्समध्ये २००९ पासून असलेली केएसएम ही सोय वेगवेगळ्या मशीनमधील तंतोतंत सारखी पाने (रॅमचे छोटे तुकडे) शोधून त्यांची एकच प्रत ठेवते, आणि एकाच इमेजवरून उभ्या राहिलेल्या वीस मशीनमध्ये अशी पाने भरपूर सापडतात. तरीही या बचतीवर विसंबून जास्तीची मशीन देणे आम्हाला मान्य नाही. परीक्षेत सगळे विद्यार्थी एकाच वेळी डेटाबेस सुरू करतात, पाने वेगवेगळी होऊ लागतात आणि वाचलेली रॅम नेमकी त्याच क्षणी परत द्यावी लागते. ती नसली तर होस्ट स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी वापरायची डिस्कवरील संथ जागा, वापरू लागतो आणि सगळी मशीन रांगू लागतात. त्यापुढची पायरी अधिक वाईट आहे : लिनक्स कर्नल रॅम मोकळी करण्यासाठी एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकतो, आणि होस्टच्या दृष्टीने मोठी प्रक्रिया म्हणजे कोणा विद्यार्थ्याचे अख्खे मशीन. ऐन परीक्षेत असे होण्यापेक्षा आरक्षणाच्या वेळीच नाही म्हणणे बरे.

माझे मशीन संथ चालते. दोन कोअर वाढवून मिळतील का?

आधी कारण पाहू. टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही आज्ञा चालवा आणि वरच्या बाजूला प्रोसेसरच्या टक्केवारीची ओळ वाचा. तिच्या शेवटी ‘एसटी’ या दोन अक्षरांपुढे जो आकडा असतो, तो स्टील टाइम, म्हणजे तुमच्या मशीनला प्रोसेसर हवा होता परंतु होस्ट दुसऱ्याच्या कामात होता, तो वेळ. हा आकडा शून्याच्या आसपास असेल तर कोअर कमी पडत नाहीत. तो बराच वेळ दोन अंकी राहत असेल, तर आम्हाला कळवा. दोष वाटपात आहे आणि तो दूर करणे आमचे काम आहे.

बहुतेक वेळा अडचण दुसरीच निघते. पायथनमध्ये साधा लूप लिहिला असेल तर तो एकाच कोअरवर चालतो, आणि आठ कोअर दिले तरी सात बसून राहतात. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे असतील तर रॅम संपलेली असते. अशा वेळी ‘फ्री’ ही आज्ञा स्वॅप किती वापरला गेला ते दाखवते. त्याच ‘टॉप’च्या ओळीत ‘डब्ल्यूए’पुढील आकडा मोठा असेल, तर मशीन डिस्कची वाट पाहत आहे. यांपैकी कशावरही कोअर वाढवणे हा उपाय नाही. उलट मोठी मशीन वाढली की होस्टला एकाच मशीनसाठी अनेक कोअर उपलब्ध करून देण्याची कसरत करावी लागते आणि त्याची झळ छोट्या मशीनना बसते.

आरक्षणाच्या पानावर सगळे भरलेले दिसते, पण प्रत्यक्षात निम्मी मशीन कोणीच वापरत नाही. असे का?

लोकलच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तसे आरक्षण केले जाते, म्हणून. सबमिशनच्या आठवड्यात तर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, ‘कोणते तरी सोयीचे पडेल’ म्हणून तीनही वेळा धरल्या जातात. आमच्या निरीक्षणाप्रमाणे या प्रयोगशाळेतील टंचाई मुख्यतः सर्व्हरची नसून परत न केलेल्या आरक्षणांची आहे, आणि नवीन सर्व्हर घेतला तरी तोही तसाच धरून ठेवला जाईल.

त्यासाठी तीन नियम आहेत. सत्र सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांत जोडणी झाली नाही, तर मशीन काढून घेतले जाते. एका विद्यार्थ्याला पुढील तारखांची दोनच आरक्षणे ठेवता येतात. काम लवकर संपल्यास ‘आरक्षण समाप्त’ हे बटण दाबायचे असते, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात. रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद केली म्हणजे मशीन परत दिले, असे नाही. खिडकी बंद करणे म्हणजे फक्त जोडणी तोडणे, आतले प्रोग्रॅम चालूच राहतात आणि रॅम अडलेलीच राहते. मशीनच्या आतून ‘शट डाऊन’ केले तरी आरक्षण संपत नाही. समाप्तीचे बटण आरक्षणाच्या पानावरच आहे.

मी घरून किंवा प्रवासातून जोडलेलो असताना नेटवर्क गेले तर काम जाते का?

जात नाही. वर सांगितलेली गोष्ट येथे उपयोगी पडते : जोडणी तुटली तरी मशीन चालू असते. पुन्हा जोडल्यावर रिमोट डेस्कटॉपमध्ये तीच खिडकी, तीच फाईल समोर येते. एसएसएचने, म्हणजे खिडकीशिवाय फक्त आज्ञा टाईप करून, दुरून टर्मिनल वापरणाऱ्यांनी मात्र काम ‘टीमक्स’ (जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) यामध्ये सुरू करावे, नाही तर जोडणीबरोबर चालू आज्ञाही थांबू शकते. जोडणी तुटल्यावर मशीन अर्धा तास वाट पाहते.

गाडी उशिरा आली, वेळेवर पोहोचता आले नाही. आरक्षण पुढे ढकलता येते का?

पंधरा मिनिटे संपण्यापूर्वी मोबाईलवरून ‘वेळ बदला’ केले तर येते, पुढची वेळ मोकळी असल्यास. रुळांवर पाणी साचून लोकल थांबल्या असतील, तर प्रयोगशाळा प्रमुख त्या दिवसापुरती पंधरा मिनिटांची अट काढून टाकतात आणि तशी सूचना पानावर येते. रविवारच्या मेगाब्लॉकसाठी मात्र ही सवलत नाही. तो आधी जाहीर होतो.

शिक्षकांनी अख्ख्या बॅचसाठी मशीन कशी मागावीत?

प्रत्येक विद्यार्थ्याने वेगळे आरक्षण करण्याऐवजी शिक्षकांनी गट आरक्षण करावे. त्यात इमेज, संख्या, वार आणि वेळ एकदाच भरायची असते आणि पूर्ण शैक्षणिक सत्रासाठी ती वेळापत्रकाप्रमाणे राखली जाते. येथे तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

संख्या नोंदणीपटावरची द्यावी आणि वर दोनच मशीन जादा मागावीत. वीसच्या बॅचसाठी तीस मशीन मागणाऱ्या विनंत्या दर शैक्षणिक सत्रात येतात. ‘असू द्यावीत’ एवढेच त्यांचे कारण असते.

वीस मशीन ठीक नऊ वाजता एकदम सुरू झाली, तर सगळी एकाच साठवणुकीतून एकाच वेळी तीच इमेज वाचू लागतात आणि कोणालाच डेस्कटॉप दिसत नाही. म्हणून गट आरक्षणातील मशीन अर्धा तास आधीपासून थोड्या थोड्या अंतराने सुरू केली जातात. याचा अर्थ असा, की नऊच्या प्रॅक्टिकलची विनंती पावणेनऊला केली, तर ती यंत्रणेकडून नाकारली जाईल आणि सहायकांना फोन करून उपयोग होणार नाही.

तिसरी गोष्ट बाह्य परीक्षक येणार असतील त्या दिवसाची. परीक्षेची इमेज किमान आठवडाभर आधी गोठवावी. आदल्या संध्याकाळी ‘एक छोटीशी लायब्ररी टाकायची राहिली’ म्हणून इमेज बदलली, की प्रत्येक होस्टवर ती नव्याने पोहोचवावी लागते आणि कोणी तपासलेली नसते.

डिस्क ४० जीबीची दाखवते. ती सगळी माझी आहे का?

दिसते तशी ती नाही. मूळ इमेज एकच असते आणि ती कोणी बदलू शकत नाही. तुमचे मशीन तिच्यावर एक पातळ थर घेऊन चालते. वाचायचे ते मूळ इमेजमधून आणि लिहायचे ते थरात. वीस मशीनची डिस्क कागदावर ८०० जीबी होते, पण प्रत्येकाने सहा जीबी लिहिले, तर प्रत्यक्षात मूळ ४० आणि थरांचे १२० मिळून १६० जीबीच लागते.

या बचतीला एक धोका चिकटलेला आहे. सगळ्यांनी मोठमोठे डेटासेट उतरवले, तर प्रत्येकाच्या मशीनला आपली डिस्क अर्धी रिकामी दिसत असताना खालची खरी साठवणूक भरून जाते. क्वेमू आणि केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अशा वेळी लिहू पाहणारे मशीन थांबवून ठेवले जाते. पडदा जागच्या जागी गोठतो, माऊस हलत नाही, आणि विद्यार्थी समजतो की नेटवर्क गेले. जागा मोकळी केल्यावर सहायक ते पुढे चालू करू शकतात आणि काम सहसा शाबूत राहते. म्हणून अशा वेळी घाईने आरक्षण समाप्त करू नका. फाईल पुसली म्हणजे खालची जागा लगेच सुटते, असेही नाही. त्यासाठी मशीनने तसे कळवावे लागते. आमच्या लिनक्स इमेजमध्ये ते ठरावीक वेळाने होते.

मोठे सामायिक डेटासेट आम्ही एकदाच उतरवून केवळ वाचण्यासाठी ठेवतो. वीस जणांनी तीच फाईल वीसदा उतरवण्यापूर्वी विचारून घ्यावे. स्वतःचे काम ‘होम’ या नावाने जोडलेल्या ड्राइव्हवर ठेवावे. ते मशीनबरोबर पुसले जात नाही.

स्नॅपशॉट घेऊन ठेवला तर वेगळा बॅकअप लागतो का?

लागतो. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती, त्याच साठवणुकीवर असतो, ती बिघडली तर दोन्ही जातात. शिवाय रॅमसकट घेतलेला स्नॅपशॉट ४ जीबीच्या मशीनला तेवढीच आणखी जागा खाऊ शकतो, आणि एकावर एक स्नॅपशॉट साचले की प्रत्येक वाचनासाठी अनेक थर धुंडाळावे लागतात. म्हणून एका वेळी एकच स्नॅपशॉट घेता येतो आणि तोही फक्त प्रकल्पासाठी तोंडी परीक्षेपर्यंत दिलेल्या स्वतंत्र मशीनवर. जुना स्नॅपशॉट परत आणल्यावर मशीनचे घड्याळ मागे राहिलेले असू शकते. तेव्हा सॉफ्टवेअरचे अपडेट ‘ही फाईल अजून वैध झालेली नाही’ अशा अर्थाची तक्रार करून थांबतात. घड्याळ जुळले की ती तक्रार जाते.

माझे दोनचे आरक्षण मशीनच्या नोंदींमध्ये साडेआठचे दिसते.

नोंदी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. आरक्षण बरोबर आहे.

व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी एक व्हर्च्युअल मशीन चालवता येते का? डॉकरचे काय?

लिनक्स मशीनवर डॉकर (प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सामग्रीसह वेगळा बांधून चालवणारे साधन) नेहमीप्रमाणे चालते, त्यासाठी काही मागावे लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स किंवा अँड्रॉइड एम्युलेटर यांना मात्र मशीनच्या आत प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय दिसावी लागते. क्लाऊड कम्प्युटिंगच्या प्रॅक्टिकलसाठी ही सोय असलेली वेगळी इमेज आहे. तिच्यात रॅम ८ जीबी असते, म्हणून ती साध्या कामासाठी निवडू नका. एका जागी दोघांची जागा अडते.

जीपीयू हवा आहे.

जीपीयू, म्हणजे मशीन लर्निंगसारख्या जड गणितांसाठी वापरले जाणारे ग्राफिक्स कार्ड, थेट मशीनला जोडला जातो, त्यामुळे एक जीपीयू एका वेळी एकालाच मिळतो, आणि त्या मशीनची सगळी रॅम होस्टवर पक्की बांधली जाते. काही महागड्या कार्डांचे हार्डवेअरमध्येच भाग पाडता येतात, एनव्हिडियाच्या ए१०० चे सातपर्यंत. आमच्याकडे तसे कार्ड नाही. मॉडेलचा कोड आधी साध्या मशीनवर छोट्या नमुन्यावर चालवून पाहावा आणि तो चालतो याची खात्री झाल्यावरच जीपीयूची वेळ मागावी. जीपीयू मिळाल्यानंतर दोन तास फाईलचा पत्ता चुकल्याचे शोधण्यात घालवणे ही येथील फार जुनी परंपरा आहे.

वीज गेली तर?

मुंबईत वीज सहसा जात नाही, आणि म्हणूनच ती गेली की कोणाची तयारी नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी महानगरातील बऱ्याच भागाची वीज गेली आणि लोकलही थांबल्या, हे अनेकांना आठवत असेल. यूपीएस सर्व्हरना काही मिनिटेच चालवू शकतो, आणि एसी बंद असल्याने सर्व्हरची खोलीही लवकर तापते. वीज गेल्यापासून पाच मिनिटांत ती न आल्यास यंत्रणा प्रत्येक मशीनला बंद होण्याची सूचना देते आणि मग होस्ट बंद करते. अपडेट लावत बसलेले विंडोज मशीन ही सूचना वेळेत पाळत नाही आणि शेवटी जबरदस्तीने बंद केले जाते. दिवे गेलेले दिसताच फाईल सेव्ह करून बाहेर पडावे. गेलेली वेळ भरून मिळण्यासाठी अर्ज करावा लागत नाही; त्या सत्रातील सर्वांना पुढील आरक्षणात प्राधान्य आपोआप मिळते.

शैक्षणिक सत्र संपल्यावर माझा ‘होम’ ड्राइव्ह किती दिवस राहतो?

निकाल लागल्यानंतर ३० दिवस. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी मार्गदर्शक शिक्षकांनी लेखी कळवल्यास आणखी ६० दिवस. प्रकल्पाचे स्वतंत्र मशीन मात्र प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी बंद केले जाते आणि त्याची रॅम त्याच दिवशी पुन्हा आरक्षणासाठी खुली होते.